बोटीचा गिअरबॉक्स स्लोला खडखडतो, रेस दिली की गप्प होतो. गिअरबॉक्स उघडावा का?

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं: सहा सिलिंडरचं इंजिन, हायड्रॉलिक गिअरबॉक्स, लाकडी बोट. पावसाळी बंदी संपून बोट पाण्यात उतरवल्यापासून न्यूट्रलला, इंजिन स्लोवर, म्हणजे सगळ्यात कमी वेगाने फिरत असताना खडखडाट होतो आणि रेस वाढवली की तो जातो. शिवाय गिअर टाकून चालताना एका ठराविक रेसला मागची बाजू थरथरते. मिस्त्री म्हणतोय गिअरबॉक्स उतरवून उघडू.

आज तरी उघडू नका. मी रत्नागिरीला बोटींच्या इंजिनांचंच काम करतो, आणि आवाजासाठी उघडलेल्या कितीतरी गिअरबॉक्समध्ये आत काहीच सापडत नाही. पोकळ बिडाची पेटी आहे ती. इंजिनाचा झटका आणि पाण्यातला पंखा फिरवणाऱ्या शाफ्टची थरथर दोन्ही तिच्यातूनच ऐकू येतात. बेअरिंग खरोखर गेलं असेल तर ते रेसबरोबर वाढत जाणारा घुर्र आवाज करतं, रेस दिल्यावर गप्प बसत नाही. तुमची लक्षणं उलटी आहेत.

आधी फुकटात होणारी तपासणी. गिअरबॉक्सच्या ऑइलची काठी काढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर ऑइल कूलरची नळी फुटून खारं पाणी आत आलंय. मग आवाजबिवाज बाजूला ठेवा, इंजिन बंद करा आणि कूलर प्रेशरला तपासून घ्या, कारण खाऱ्या पाण्यात बेअरिंग फार दिवस तग धरत नाही. ऑइल काळं आणि जळका वास असेल तर क्लच प्लेटी घसरतायत. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि तोही किंचाळतो. पातळी इंजिन चालू ठेवून बघायची की बंद करून, हे प्रत्येक गिअरबॉक्सचं वेगळं असतं, पुस्तकात बघा.

नंतर गिअरबॉक्सच्या ऑइलची गाळणी काढून पांढऱ्या फडक्यावर झटका आणि लोहचुंबक फिरवा. चुंबकाला थोडी काळी लापशी चिकटणं रोजचंच आहे. पण नखाएवढ्या चकचकीत पापड्या चिकटल्या तर दात किंवा बेअरिंग गेलं समजा. पिवळसर चुरा दिसतो आणि चुंबकाला लागत नाही, तो बहुतेक क्लच प्लेटींचा.

हे सगळं ठीक निघालं तर माझा संशय इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या रबर कपलिंगवर आहे. स्लोला डिझेल इंजिन एकसारखं फिरत नाही, प्रत्येक सिलिंडर पेटला की फ्लायव्हीलला धक्का बसतो. तो धक्का रबराच्या गुटक्यांनी खायचा असतो. गुटके झिजले, कडक झाले किंवा ऑइलने फुगून फाटले की धक्का थेट गिअरच्या दातांवर जातो, आणि न्यूट्रलला त्या दातांवर भार नसल्यामुळे ते एकमेकांवर आपटतात. रेस वाढली की धक्के जवळजवळ येतात, फिरणं सपाट होतं आणि आवाज थांबतो. तुमचं वर्णन नेमकं हेच आहे.

खात्री करायची तर इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा आणि बेल हाऊसिंगची (कपलिंगवरच्या झाकणाची) जाळी उघडून टॉर्च मारा. खाली काळी रबराची पूड पडलेली असेल तर वेगळा पुरावा नको. पहार घालून कपलिंग मागेपुढे हलवा. गुटके आपल्या खाचेत घट्ट हवेत. त्यांच्यातली फट डोळ्याला दिसत असेल तर ते संपले. बदलताना पूर्ण सेट बदला. दोनच फाटलेत म्हणून दोनच टाकले की सगळा भार त्या नव्या दोनांवर येतो आणि महिन्याभरात परत तेच काम.

गुटके धडधाकट निघाले तर एक सिलिंडर कमी पेटतोय का बघा. स्लोवर एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा सैल करायचा. जिथे सैल करूनही इंजिनाचा सूर बदलत नाही, तो सिलिंडर मेलेला. डोळ्यांवर चष्मा हवा आणि हात धारेसमोर न्यायचा नाही, त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. हे जुन्या पद्धतीच्या पंपाच्या इंजिनापुरतंच, कॉमन रेलच्या, म्हणजे एकाच जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या इंजिनावर अजिबात करू नका. कधी कधी स्लोची रेस कोणीतरी नको इतकी उतरवून ठेवलेली असते. स्क्रू किंचित फिरवला की खडखड बंद, खर्च शून्य. असं झालं की मिस्त्री नाराज होतो ते वेगळं.

आता थरथर. बोट बंदीत, १ जून ते ३१ जुलै, किनाऱ्यावर टेकूंवर उभी होती ना? लाकडी बोट अशी दोन महिने राहिली की अंग सोडते, आणि पाण्यात गेली की फळ्या फुगून पुन्हा वेगळी बसते. म्हणून किनाऱ्यावर केलेल्या अलाइनमेंटवर, म्हणजे शाफ्ट आणि गिअरबॉक्स एका रेषेत आणण्यावर, मी विश्वास ठेवत नाही. बोट पाण्यात एक-दोन दिवस राहू द्या, टाकीत नेहमीएवढं डिझेल असू द्या, मग तपासा.

त्याआधी एका पोराला बुडी मारायला लावून पंखा बघून घ्या. पंख्यात जाळ्याची दोरी अडकलेली असते, नाहीतर एखादं पातं वाकलेलं असतं. शाफ्ट वरखाली हलवून स्टर्नच्या बुशात (बोटीच्या मागे शाफ्ट ज्यात फिरतो त्यात) किती खेळ आहे तेही त्याला बघायला सांगा.

मग शाफ्टच्या कपलिंगचे बोल्ट काढा. पण त्याआधी शाफ्ट आतून रश्शीने नीट बांधून ठेवा. बांधला नाही तर तो मागे सरकतो आणि ग्लँडमधून (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या पाणी अडवणाऱ्या सीलमधून) पाणी आत येतं. दोन्ही फ्लँज (कपलिंगच्या जोडायच्या चकत्या) हलकेच जवळ आणून फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फट मोजा. शाफ्ट लांब असेल तर स्वतःच्या वजनाने लोंबतो, तेवढा आधार द्या. व्यासाच्या दर इंचाला एक थाऊपर्यंत (इंचाचा हजारावा भाग) फरक चालतो, म्हणजे पाच इंची फ्लँजला पाच थाऊ. त्याहून जास्त असेल तर लगेच पॅकिंगच्या पत्र्या घालायला धावू नका. गिअरबॉक्सची फ्लँज जागेवर ठेवून फक्त शाफ्ट अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा मोजा. मोठी फट होती तिथेच राहिली तर अलाइनमेंट गेली आहे, मग पत्र्या घाला. फट शाफ्टबरोबर फिरून दुसऱ्या बाजूला गेली तर शाफ्ट किंवा त्याची फ्लँज वाकली आहे. तिथे पत्र्या घालून काही होत नाही, शाफ्ट लेथवरच गेला पाहिजे. हा अर्धा फेरा बरेच जण टाळतात आणि मग पंधरा दिवसांनी पुन्हा थरथर.

तुमच्या बोटीत गिअरबॉक्स इंजिनाला बोल्ट केलेला नसून वेगळ्या फाउंडेशनवर बसवलेला असेल, तर इंजिन आणि गिअरबॉक्समधली सरळ रेषाही बघा. ती बिघडली की नवे गुटकेही तसेच कुरतडले जातात, आणि तुमचे दोन्ही त्रास एकाच कारणाचे निघू शकतात.

उघडायची वेळ कधी येते? गाळणीत पापड्या सापडल्या, किंवा आवाज फक्त पुढच्या नाहीतर फक्त मागच्या गिअरलाच येतो, किंवा लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकलं तर एकाच बेअरिंगच्या जागी खरखर लागते. तेव्हा उघडा, आणि उघडलाच तर सगळे सील बदलून मगच बंद करा. ऐकताना सैल शर्ट, गळ्यात टॉवेल नको, फिरत्या शाफ्टपासून हात लांब.

दुरुस्तीआधी दुसऱ्या बोटीने ओढत आणायची वेळ आलीच, तर पंखा फिरू देऊ नका, शाफ्ट बांधा. बहुतेक हायड्रॉलिक गिअरबॉक्समध्ये ऑइल पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि शाफ्ट फिरतोय म्हणजे बेअरिंगं कोरडी फिरतायत, आणि मग खरंच गिअरबॉक्स उघडावा लागेल.