चिठ्ठीवरचं गाव

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

लाल यादीचं, म्हणजे कुठली जात नामशेष होण्याच्या किती जवळ आहे हे सांगणाऱ्या यादीचं काम करायचंय, सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. निकष पाठ करण्याआधी रानपिंगळ्याची गोष्ट समजून घे. ती आपल्या खानदेशातली आहे.

1884 मध्ये जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं खानदेशात या छोट्या घुबडाचे नमुने मिळवले आणि त्यानंतर पक्षी जणू गडपच झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात नमुने उरले. त्यातल्या एकाच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: 1914, मांडवी, गुजरात. चिठ्ठी रिचर्ड माइनर्ट्झहॅगन यांची, म्हणजे पक्षिशास्त्रातलं मोठं नाव. शंका कोण घेणार? शोधायला निघालेली माणसं त्या गावाच्या भरवशावर भलतीकडे भटकली. पुढे पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईनं तपासला, तेव्हा कळलं की तो डेव्हिडसन यांनीच मिळवलेला होता. चोरून, पुन्हा पेंढा भरून त्याला नवी चिठ्ठी लावली होती. रासमुसेन यांनी मांडवी बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या नोंदींची गावं धरली आणि नोव्हेंबर 1997 मध्ये बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह शहाद्याजवळ रानपिंगळा पाहिला. 113 वर्षांनी! आजही हे लिहिताना मला भरून येतं.

आता यादीकडे ये. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची ही यादी 1964 पासून आहे. एखादी जात दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यातला जो काळ मोठा असेल त्यात, 80 टक्क्यांनी घटली तर ती अतिसंकटग्रस्त ठरू शकते. 50 टक्क्यांनी घटली तर संकटग्रस्त. क्षेत्र आणि संख्या यांचेही निकष आहेत, ते तू वाचशीलच. माझं म्हणणं एवढंच, की या आकड्यांच्या तळाशी कुणाची तरी वही असते.

रानपिंगळा 2018 मध्ये अतिसंकटग्रस्तवरून संकटग्रस्त झाला. तेव्हा लोकांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. पण पक्षी वाढले म्हणून हा बदल झाला नव्हता. मेळघाटात, यावलमध्ये, 2014 साली थेट मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात तो सापडत गेला, म्हणून झाला. माहिती वाढली. याउलट कझाकस्तानातलं सायगा हरीण बघ: 2015 च्या साथीत दोन लाखांहून अधिक मेली, तरी शिकारीवरच्या पहाऱ्यामुळे 2022 पर्यंत तिथली संख्या 13 लाखांवर गेली आणि पुढच्याच वर्षी ते अतिसंकटग्रस्तवरून थेट बऱ्याच कमी धोक्याच्या संकटसमीप वर्गात आलं. तिथे जनावरं खरोखर वाढली. हे दोन बदल एकाच मापानं मोजू नकोस, आणि कुणी मोजले तर तिथल्या तिथे सांग, समोर कितीही मोठं नाव असो.

पावसाळा सरला की सातपुड्यात जा. ठिपकेदार पिंगळा आणि रानपिंगळा यांत गल्लत होते. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके अगदी पुसट असतात आणि तो भर दिवसा उघड्या फांदीवर बसतो. खात्री नसेल तर 'पिंगळा, जात अनिश्चित' असं लिही. दिवसभर फिरून काहीच दिसलं नाही, तर किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कुठल्या नाल्यानं फिरलास आणि काही दिसलं नाही, हेही लिही. संध्याकाळी मुक्कामावर आठवून नको, जागेवरच. वही भरली की घेऊन ये, आपण मिळून वाचू.

तुझा,
काका