मॉड्युलर कॅमेरा बुक करण्याआधी: २००८ सालचा हिशोब

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पेटीसारख्या नव्या मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग जोडून उभ्या करायच्या, सिनेमा कॅमेऱ्याची घोषणा झाली आहे, नुसत्या बॉडीची किंमत आवाक्यातली वाटते, आणि सगळे म्हणतायत की पुढे सेन्सर (चित्र टिपणारी चिप) तेवढा बदलायचा, बाकी सामान तेच राहील. तेव्हा हातातला चालता कॅमेरा विकून ही बॉडी बुक करावी का?

विकू नका. निदान आत्ता तरी नाही. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण नेमका हाच हिशोब मी सतरा-अठरा वर्षांपूर्वी वहीत मांडला होता.

१३ नोव्हेंबर २००८. मी तेव्हा मुंबईत फोकस पुलर, म्हणजे शॉट चालू असताना लेन्सचा फोकस सांभाळणारा असिस्टंट होतो. गोरेगावच्या खोलीवर आम्ही तिघे एका कॉम्प्युटरसमोर बसलो होतो, कारण रेडची घोषणा होणार होती. रेड म्हणजे जिम जनार्ड यांची सिनेमा कॅमेऱ्यांची कंपनी, ओकली गॉगलवाले तेच. २००६ साली त्यांनी लास वेगासच्या नॅब प्रदर्शनात १७,५०० डॉलरला ४के (चित्राच्या रुंदीत साधारण चार हजार पिक्सेल) कॅमेरा देतो म्हणून सांगितलं, तेव्हा आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जाणत्या माणसांनी ते उडवून लावलं होतं. ऑगस्ट २००७ मध्ये पहिले कॅमेरे लोकांच्या हातात पडले. त्यामुळे २००८ साली या माणसाचा शब्द खरा मानायचा, अशी आमची मनाची तयारी झालेली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी स्कार्लेट नावाचा छोटा कॅमेरा जाहीर केला होता: ३के, लेन्स कायमची बसवलेली, किंमत तीन हजार डॉलरच्या आत. नोव्हेंबरच्या त्या रात्री ते सगळं बाजूला सारून त्यांनी भलतीच गोष्ट समोर ठेवली.

कॅमेरा असा नव्हताच. होते 'ब्रेन'. सेन्सर आणि प्रोसेसर असलेला एक ठोकळा. लेन्सचं माउंट, रेकॉर्डिंगचं मॉड्यूल, बॅटरी, हँडल, स्क्रीन, जे हवं ते त्याला जोडायचं. सगळ्यात लहान स्कार्लेट ब्रेन २,५०० डॉलर. सुपर ३५, म्हणजे सिनेमाच्या ३५ मिमी फ्रेमएवढ्या, सेन्सरचा स्कार्लेट ७,०००. त्याहून मोठ्या फुल फ्रेम सेन्सरचा १२,०००. त्यावर एपिकची रांग, २८,००० पासून पुढे. आणि सगळ्यात शेवटी ५५,००० डॉलरचा एपिक ६१७: २८के. आमच्यातला एकजण उठून उभाच राहिला. त्या वेळी मराठी सिनेमाची बरीचशी थिएटरं अजून फिल्मच्या प्रिंटवर चालत होती, आणि हा माणूस २८के म्हणत होता.

मी वही काढली. डॉलर तेव्हा पन्नासच्या आसपास. २,५०० म्हणजे सव्वा लाख. घरच्यांकडून थोडे, थोडं कर्ज, दोन वर्षांत फेडून टाकू, मग फक्त ब्रेन बदलत राहू. ते पान माझ्याकडे अजून आहे. त्यावर एकच आकडा आहे, ब्रेनचा.

पुढे काय झालं ते सांगतो. २,५०० डॉलरचा तो लहान स्कार्लेट बाजारात आलाच नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये स्कार्लेट-एक्स आला, सुपर ३५ सेन्सरचा, चांगला कॅमेरा; पण नुसती बॉडी साडेनऊ हजार डॉलरच्या वर, आणि स्क्रीन, हँडल, कार्ड वगैरे धरून शूटला नेण्याजोगी जोडणी चौदा हजारांच्या आसपास. एपिकच्या रांगेतले मोठ्या सेन्सरचे ६४५ आणि ६१७ कधीच आले नाहीत. त्या यादीत फुल फ्रेम सेन्सरला मॉन्स्ट्रो असं नाव दिलं होतं. त्या नावाचा फुल फ्रेम सेन्सर प्रत्यक्षात २०१७ साली आला, ८के होऊन. यात फसवणूक नव्हती. तारखा, किमती, आकडे, सगळं बदलू शकतं असं जनार्ड स्वतःच उघड सांगत असत. ते वाक्य आम्हीही वाचलं होतं. वाचून पुढे गेलो.

पण लोक एवढे का पेटले होते, ते समजून घेतलं पाहिजे, कारण तुम्हीही त्याच गोष्टीने पेटला आहात आणि ती गोष्ट खोटी नाही. फिल्मचा कॅमेरा मुळातच मॉड्युलर होता. ॲरी कंपनीचा ॲरीफ्लेक्स २सी घ्या. खाली मोटर, वर ४०० फुटांचं मॅगझिन, पुढे तीन लेन्सची फिरती चकती. मोटर बिघडली, दुसरी लावा. आणि सेन्सर? सेन्सर म्हणजे निगेटिव्ह. कोडॅकने नवा फिल्म स्टॉक काढला की तीस वर्षं जुना कॅमेरासुद्धा त्या दिवशी नवा व्हायचा. डिजिटल आलं आणि ही सोय गेली. सेन्सर बॉडीत कायमचा बसला आणि तो जुना झाला की अख्खा कॅमेरा जुना. २००८ साली जे मागितलं जात होतं ते इतकंच, की आमची ती जुनी सोय परत द्या. मला ती मागणी आजही रास्त वाटते.

अडचण अशी की निगेटिव्ह एकटीच बदलता यायची, सेन्सर एकटा बदलता येत नाही. थोडं गणित करू. ४०९६ बाय २३०४ पिक्सेल, १२ बिट, सेकंदाला २४ फ्रेम, असा कच्चा डेटा सेकंदाला साधारण ३४० मेगाबाइट होतो. २००७ सालच्या कार्डावर ते लिहिणं शक्य नव्हतं, म्हणून रेड वन तो दाबून ३६ मेगाबाइटवर आणायचा. रेडकोड ३६ हे नाव त्यावरूनच. आता ८१९२ बाय ४३२० चा सेन्सर बसवा. कच्चा डेटा सेकंदाला १,२७५ मेगाबाइटच्या घरात जातो. म्हणजे जास्त ताकदीचा प्रोसेसर हवा. तो जास्त तापणार, म्हणजे पंखा आणि हवेची वाट बदलणार. जास्त वीज खाणार, म्हणजे बॅटरी आणि तिची प्लेट बदलणार. कार्ड बदलणार, म्हणजे रेकॉर्डिंगचं मॉड्यूल आणि रीडर बदलणार. रेडचंच पाहा: रेड वनला कॉम्पॅक्ट फ्लॅश, एपिकला एसएसडीची मॅगझिन, २०२० च्या कोमोडोला सीफास्ट, त्यानंतरच्या व्ही-रॅप्टरला सीएफ एक्सप्रेस. २०१५ नंतरच्या बॉडींना आधीच्या एपिकचं बरंचसं सामान थेट बसत नव्हतं.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायलाच हवी. रेड वनच्या मालकांना नवा मिस्टीरियम-एक्स सेन्सर बसवून मिळाला, आणि एपिकवाल्यांना २०१३ साली ड्रॅगन. कॅमेरा कारखान्यात पाठवायचा, पैसे भरायचे, परत यायचा तो नव्या सेन्सरसह. शब्द पाळला गेला. पण एका पिढीपुरता.

आणि आता मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेली गोष्ट. २०१० साली ॲरीने ॲलेक्सा आणला. ब्रेन नाही, सेन्सर बदलण्याचं वचन नाही, के-ची शर्यतही नाही. त्याचा अलेव्ह-३ सेन्सर पुढे त्यांच्या एका मागून एक मॉडेलमध्ये राहिला. नवा सेन्सर २०२२ साली ॲलेक्सा ३५ मध्ये आला. बारा वर्षं! भाड्याने कॅमेरे देणाऱ्यांना विचारा, त्यांनी त्यावर काय कमावलं. जो कॅमेरा बदलण्यासाठी बनवलेलाच नव्हता तो सगळ्यात उशिरा जुना झाला, कारण त्याच्या चित्रात त्वचा आणि हायलाइट (सगळ्यात उजळ भाग) पहिल्या दिवसापासून बरोबर होते. म्हणून घोषणेत मी रिझोल्यूशनचा आकडा शेवटी वाचतो. आधी बघतो खिडकीसमोर उभा केलेला माणूस कसा दिसतो.

मग मॉड्युलरचा फायदा नाहीच का? आहे, मोठा आहे, पण तो आकाराचा आहे. रेडच्या त्या घोषणेच्या आदल्याच दिवशी, १२ नोव्हेंबर २००८ ला, अमेरिकेत 'स्लमडॉग मिलियनेअर' लागला. त्याचा मोठा भाग आपल्या मुंबईत एसआय-२के नावाच्या कॅमेऱ्यावर शूट झाला होता. त्याचं डोकं सुटं: मुठीत मावेल एवढा सेन्सरचा भाग आणि लेन्स हातात, तिथून केबल, रेकॉर्डिंग दुसऱ्या टोकाला. वस्तीतल्या हातभर रुंदीच्या गल्लीत, पळणाऱ्या पोरांच्या मागे, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर नेहमीचा जाडजूड कॅमेरा घेऊन धावून बघा, म्हणजे कळेल तो फायदा काय आहे. छायाचित्रकार अँथनी डॉड मँटल यांना पुढच्या फेब्रुवारीत त्यासाठी ऑस्कर मिळालं. 'द हॉबिट' थ्रीडीत शूट करताना एका रिगवर आरशाच्या दोन बाजूंना दोन कॅमेरे बसवायचे होते. एपिक लहान होता म्हणून ते जमलं. 'टॉप गन: मॅव्हरिक'च्या कॉकपिटमध्ये सोनी व्हेनिसचं डोकं शरीरापासून वेगळं करून बसवलं गेलं. या प्रत्येक ठिकाणी मॉड्युलर असल्यामुळे एक असा शॉट मिळाला जो एरवी मिळाला नसता.

याची दुसरी बाजूही आहे. गेल्या वर्षी राजापूरजवळ एका चिऱ्याच्या खाणीत माहितीपटाचं काम होतं. पेटीसारखी बॉडी, मागे दोन स्क्रूंवर बसणारं मॉड्यूल, मध्ये सोनेरी पिनांची रांग, प्रत्येक पिन टाचणीच्या टोकाएवढी. सकाळी गिंबलसाठी (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारं उपकरण) मागचं मॉड्यूल काढलं, दुपारी खांद्यावर घ्यायचं म्हणून परत लावलं. खाणीत जांभ्याची लाल धूळ पिठासारखी उडते. ती तेवढ्यात पिनांवर बसली होती, डोळ्यांना दिसतही नव्हती. चिरा कापणारे काका शेवटची रांग कापून मशीन बंद करणार, तो क्षण आला, आणि स्क्रीन एकदा लुकलुकून काळी झाली. रेकॉर्डिंग बंद. टेम्पोच्या सावलीत बसून मेकअपच्या ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकेक पिन पुसली, अर्ध्या तासात कॅमेरा सुरू झाला. काका तोपर्यंत हात धुऊन घरी निघाले होते. ते दृश्य चित्रपटात नाही. तेव्हापासून लोकेशनवर मॉड्यूल काढायचं नाही, जी जोडणी लागणार ती आदल्या रात्री खोलीवर करायची, हा मी नियमच केला आहे. जितके सांधे जास्त तितक्या बिघडण्याच्या जागा जास्त, आणि कोकणात, धुळीत, पावसाळ्यात तर फारच.

आता तुमचं. बॉडीची किंमत कागदाच्या अगदी वर लिहा आणि खाली उरलेलं सगळं, पहिला शॉट घेण्याआधी लागणारं. तुमच्या लेन्ससाठी अडॅप्टर. कार्डं, आणि ती निदान दोन, शिवाय रीडर. चार बॅटऱ्या आणि प्लेट. या पेट्यांना बहुधा व्ह्यूफाइंडर नसतो, म्हणून मॉनिटर, त्याची केबल, त्याचा हात. केज (बॉडीभोवतीची धातूची चौकट), वरचं हँडल. आत एनडी, म्हणजे उजेड कमी करणारा फिल्टर, आहे का ते नीट बघा. बऱ्याच स्वस्त बॉडींमध्ये नसतो, मग मॅट बॉक्स (लेन्सपुढे फिल्टर धरणारी चौकट) आणि फिल्टर आले. आवाजाच्या जोडणीसाठी कुठली भोकं आहेत तेही बघा. मी दोनदा हा हिशोब प्रामाणिकपणे केला आहे, आणि दोन्ही वेळा बॉडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम वरून लागली. त्यातलं पुढच्या बॉडीला काय चालेल? लेन्स चालतील. ट्रायपॉड, मॅट बॉक्स, माइक चालतील. मॉनिटर बहुतेक चालेल. कंपनीच्या खास पिनांवर बसणारं जे काही आहे, ते जाणार असंच धरून चाला.

दुसरं, २००८ साली माझ्या ओळखीचे काहीजण स्कार्लेटची वाट बघत हातावर हात ठेवून बसले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅननचा ५डी मार्क टू हा व्हिडिओही घेणारा स्टिल कॅमेरा जाहीर झाला होता. त्यात व्हिडिओला फक्त ३० फ्रेम होत्या, २४ फ्रेमची सोय मार्च २०१० मध्ये फर्मवेअरने आली, आवाजाची रड वेगळीच. तरी ज्यांनी तो उचलला त्यांनी त्या तीन वर्षांत लग्नं केली, जाहिराती केल्या, लघुपट केले. स्कार्लेट-एक्स आला तेव्हा त्यांच्याकडे काम होतं, लेन्स होत्या, आणि तो भाड्याने आणायला पैसेही होते. मी वाट बघणाऱ्यांत होतो. त्या तीन वर्षांची भरपाई मला नंतर कुठेच करता आली नाही, म्हणून तुम्हाला इतक्या कळकळीने सांगतोय.

तेव्हा चालता कॅमेरा ठेवा. नवी बॉडी दुकानात आली, चार लोकांनी पावसाळ्यात वापरली, की मुंबई-पुण्यात ती शिफ्टवर भाड्याने मिळेल. अटेंडंटसकट दोन दिवस आणा आणि तुमचंच नेहमीचं काम त्यावर करा, टेस्ट चार्ट नको. त्याआधी गेल्या वर्षभरातल्या तुमच्या कामांची यादी काढा आणि प्रत्येकासमोर लिहा: यात कॅमेरा लहान असता, किंवा त्याचं डोकं सुटं करता आलं असतं, तर नवा शॉट मिळाला असता का? गाडीच्या आतले, गिंबलवरचे, ड्रोनखालचे, अरुंद जागेतले शॉट मोजा. ती यादी इथेच टाका, सोबत तुमच्याकडच्या लेन्सही लिहा. कुठलं माउंट घ्यायचं ते मग त्यावरून बघू.