पहिल्यांदाच फर्स्ट क्लासने निघालात?

एमिरेट्सने दुबईहून न्यूयॉर्कला जाताय ना? मग तिकीट काढतानाच विमान कुठलं ते बघा. शॉवर फक्त ए३८० मध्ये असतो, बोइंग ७७७ मध्ये नाही. आत शिरल्या शिरल्या शॉवरची वेळ सांगून ठेवा. उतरण्याआधीचे दोन-तीन तास सगळ्यांनाच हवे असतात. पाणी मोजून ५ मिनिटं मिळतं, तेव्हा साबण लावताना ते बंद करा. जेवण हवं तेव्हा मागवता येतं, म्हणून रात्रीचं विमान असेल तर आधी झोप काढा. अंथरूण क्रू घालून देतो, मागायला संकोच नको. कॅव्हिआर जरूर चाखा (माशाची अंडी असतात बरं, शाकाहारी मंडळींनो!). जोडीने असाल तर मधल्या सीट घ्या, एकट्याने खिडकीची.