आमसुलाचं पुट: थर की फेरा?

खानापूरहून एका ताईंनी विचारलंय: "सासूबाई आमसुलं करताना 'अजून दोन पुटं द्यायची राहिलीत' म्हणतात. पुट म्हणजे थर ना? मग सालीवर थर कुठे दिसतो? आणि लिहायचं पुट की पूट? माझी लेक कन्नड शाळेत जाते, ती तर म्हणते पुट म्हणजे वहीचं पान."

शुद्धलेखनाचं आधी उरकते. पुट, ऱ्हस्वच. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे. गुण, सुख, विष यांच्या पंगतीतला. ते पुट, ती पुटं.

अर्थाची गोष्ट मात्र मोठी आहे. धुळीची पुटं चढली, रंगाचं एक पुट दिलं, हे आपण रोज बोलतो आणि तिथे पुट म्हणजे थरच. म्हणून तुमचा गोंधळ अगदी रास्त आहे. पण आमसुलाचं पुट म्हणजे थर नव्हे. ते काय आहे हे परातीशी बसल्यावर कळतं.

माझं आजोळ जांबोटीकडचं. एप्रिल-मे महिन्यांत रानातली भिरंडं यायची (कोकणात खाली उतरलात की त्यांनाच रातांबे म्हणतात). मामी ती धुऊन, पुसून, मधोमध चिरायची. आतला बियांसकटचा गर मीठ घालून चिनी मातीच्या बरणीत जायचा, साली उन्हात पसरायच्या. पितळी भांड्याला त्या दिवसांत हात लावायची परवानगी नव्हती, एवढं आंबट त्यात लगेच कळकतं. गराला लालभडक पाणी सुटलं की वाळलेल्या साली त्यात बुडवायच्या, पिऊ द्यायच्या, निथळून पुन्हा उन्हात. हे झालं एक पुट. साली सुकल्या की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात: दुसरं. पहिल्या उन्हानंतरची साल तांबूस आणि कोरडी असते, मोडली तर कडेला फाटते. चौथ्या-पाचव्या पुटानंतर तीच साल काळसर जांभळी, चामड्यासारखी चिवट होते, दोन बोटांत दाबली की बोटांना चिकटते आणि नखांच्या कडा आठवडाभर रंगलेल्या राहतात. म्हणजे रस वर बसत नाही, आत मुरतो. थर शोधायला गेलात तर सापडणार नाही तो यामुळेच. इथे पुट म्हणजे भिजवणं आणि वाळवणं मिळून होणारा एक पुरा फेरा, आणि तो मोजता येतो.

हा 'मोजायचा फेरा' आला कुठून? माझ्या मते वैद्यांच्या भट्टीतून. पुट या शब्दाचा मूळ अर्थ दुमड, खोलगट जागा, पानाचा द्रोण. ओंजळ म्हणजे अंजलिपुट. नासापुटाची आपण नाकपुडी केली. पुडी आणि पुडा त्याच घरातले. खानापूरच्या रस्त्याला बायका करवंदं, जांभळं पानाच्या द्रोणात विकतात ना, त्या द्रोणाला संस्कृतात पत्रपुट म्हणतात. वैद्य भस्म करताना मातीच्या दोन परळांची तोंडं जुळवतात, त्याचं संपुट होतं. सांधा कापडमातीने लिंपून ते गोवऱ्यांच्या आगीत ठेवायचं. अशी एक आग म्हणजे एक पुट. शतपुटी अभ्रक भस्म म्हणजे अशा शंभर आगींतून गेलेलं. भांड्याचं नाव असं क्रियेला लागलं आणि क्रियेचं मोजणीला. काटेकोर बोलायचं तर रसात भिजवून सुकवणं याला वैद्यांचा शब्द 'भावना' आहे आणि आमसूल त्याच्या जास्त जवळचं. पण घरोघरी पुटच रुळलं आणि मला ते फार आवडतं. इथे आगीच्या जागी वैशाखातलं ऊन आहे, इतकंच.

लेकीला चूक ठरवू नका बरं का. कन्नडमध्ये पुट म्हणजे पानच, पुस्तकाचं. शिवाय तिच्या कन्नडच्या बाईंना 'पुटक्किट्ट चिन्न' विचारायला सांगा. शब्दशः 'पुटात घातलेलं सोनं', म्हणजे आगीतून काढून निर्मळ झालेलं. तिथलं पुट आणि तुमच्या सासूबाईंचं पुट सख्खी भावंडं आहेत. दोन भाषांत राहणाऱ्या घरात एका शब्दाची ही दोन्ही टोकं हाताला लागतात, याचा मला नेहमी हेवा वाटतो.

वापराचं एक. आमसुलाला पुट देतात. धुळीची पुटं चढतात. 'आमसुलाला पुट लावलं' असं कुणी लिहिलं तर मी खोडीन, कारण लावलेलं वर राहतं आणि दिलेलं ती साल घेते.

आणि सासूबाईंचं 'अजून दोन पुटं' म्हणजे अजून दोन दिवस असं धरून चालू नका. कडक ऊन असलं तर एक पुट दिवसात आटपतं, वळवाचे ढग आले तर त्याच एका पुटाला तीन दिवसही लागतात.