प्रोब डिफर झाला, तरी आवरून जायचंच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लिनक्समधला तुमचा टच कंट्रोलरचा ड्रायव्हर प्रोबमध्ये (डिव्हाइस जुळलं की ते सुरू करण्यासाठी कर्नल बोलावतं ते फंक्शन) आधी क्लॉक चालू करतो, रनटाइम पीएम (वापर नसताना डिव्हाइसची वीज वाचवणारी यंत्रणा) सुरू करतो आणि मग रेग्युलेटर (डिव्हाइसचा वीजपुरवठा सांभाळणारा भाग) मागतो. रेग्युलेटरचा ड्रायव्हर तोवर लोड झालेला नसतो, म्हणून तुम्ही उणे ईप्रोब_डिफर ('आत्ता जमत नाही, नंतर पुन्हा बोलवा' असा कोड) परत करता. काही खेपांनंतर प्रोब यशस्वी होतो, टचही चालतो. पण लॉगमध्ये 'अनबॅलन्स्ड पीएम_रनटाइम_एनेबल!' येतं आणि सस्पेंडमध्ये क्लॉक बंद होत नाही. "डिफर म्हणजे एरर थोडीच, मग आवराआवर कशाला?" असं तुमचं म्हणणं.

गफलत तिथेच आहे. डिफर म्हणजे 'जिथे थांबलो तिथून पुढे' नव्हे, पुन्हा पहिल्या ओळीपासून. ड्रायव्हर कोरच्या (ड्रायव्हर आणि डिव्हाइस जुळवणारा कर्नलचा भाग) लेखी तो फसलेला प्रोबच. कोर डेव्हएम_ (आपोआप सोडल्या जाणाऱ्या गोष्टींसाठीची फंक्शनं) वापरून घेतलेल्या गोष्टी उलट्या क्रमाने सोडतो, डिव्हाइस प्रतीक्षा यादीत टाकतो आणि दुसऱ्या कुठल्याही डिव्हाइसचा प्रोब यशस्वी झाला की ती यादी पुन्हा चालवतो. तुमचं रिमूव्ह फंक्शन (ड्रायव्हर काढताना चालणारं) मात्र तो बोलावत नाही. सगळी आवराआवर रिमूव्हमध्ये लिहून निश्चिंत झालेले ड्रायव्हर मी बरेच पाहिलेत, त्यातला एक माझाच होता.

तुमच्या क्लॉकचंच बघा. डेव्हएम_सीएलके_गेटने मिळालेलं हँडल आपोआप परत जातं, पण तुम्ही केलेलं एनेबल परत जात नाही. चार वेळा डिफर आणि पाचव्यांदा यश, म्हणजे एनेबल काउंट (क्लॉक किती वेळा चालू केलंय तो आकडा) ५. सस्पेंडमध्ये तुम्ही १ कमी करता, उरतात ४. मग क्लॉक कशाला बंद होईल? रनटाइम पीएमचं दुखणंही हेच, फक्त ते बिचारं लॉगमध्ये ओरडून सांगतं.

उपाय म्हणून आधी क्रम बदला. जे जे डिफर होऊ शकतं (रेग्युलेटर, क्लॉक, जीपीआयओ म्हणजे साध्या सिग्नल पिना, रीसेट, फाय म्हणजे तारेवरचा सिग्नल हाताळणारी चिप) ते प्रोबच्या सुरुवातीलाच मागून घ्या. नुसतं मागायचं, चालू काही करायचं नाही. सगळं हातात आलं की मगच हार्डवेअरला हात लावा. एवढ्यानेच निम्मा प्रश्न सुटतो. मग प्रत्येक एनेबलच्या लगेच खाली डेव्हएम_ॲड_ॲक्शन_ऑर_रीसेट वापरून त्याचं डिसेबल नोंदवा. ही नोंदणीच फसली तर ते फंक्शन दिलेली ॲक्शन तिथल्या तिथे चालवतं. रनटाइम पीएमसाठी डेव्हएम_पीएम_रनटाइम_एनेबल तयारच आहे.

तुमच्या कोडमध्ये आणखी एक गोष्ट खटकली. इंटरप्ट (हार्डवेअरची प्रोसेसरला हाक) डेव्हएम_ने घेतलाय, पण बफर साध्या केमॅलॉकने (हाताने मेमरी मागणं), आणि एररच्या वाटेवर गोटू लावून केफ्री (ती मेमरी सोडणं). आता क्रम बघा: तुमचं केफ्री आधी होतं, प्रोब परततो, आणि इंटरप्ट कोर नंतर सोडतो. मधल्या त्या फटीत इंटरप्ट आला तर हँडलर मोकळ्या केलेल्या मेमरीत लिहिणार. हे महिन्यातून एकदा होतं आणि कुणाच्याच टेबलावर पुन्हा करून दाखवता येत नाही. एकतर सगळं डेव्हएम_ने घ्या, नाहीतर जिथे हाताने सोडायला सुरुवात केली तिथून पुढचं सगळं हातानेच.

आणि प्रोबमध्ये चाइल्ड डिव्हाइस (तुमच्या डिव्हाइसखालचं दुसरं डिव्हाइस) रजिस्टर करत असाल तर त्यानंतर डिफर परत करूच नका, ते चाइल्ड काढून टाकलं तरीसुद्धा. चाइल्डचा प्रोब यशस्वी झाला की यादी पुन्हा चालते, तुमचा प्रोब पुन्हा डिफर होतो, पुन्हा चाइल्ड... हे चक्र संपत नाही.

लॉगसाठी डेव्ह_एरर_प्रोब वापरा. डिफरच्या वेळी ते लॉगमध्ये गोंगाट करत नाही आणि कारण साठवून ठेवतं; डीबगएफएसमधल्या (कर्नलची अंतर्गत माहिती दाखवणाऱ्या फाइल्स) डिव्हायसेस_डिफर्ड फाइलमध्ये ते डिव्हाइसच्या नावापुढे दिसतं.

तपासायला रेग्युलेटरचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून बांधा आणि बूटनंतर मुद्दाम उशिरा लोड करा. त्याआधी इतर दोन-चार मॉड्यूल लोड करून तुमचा प्रोब तेवढ्या वेळा डिफर होऊ द्या. मग सीएलके_समरी (डीबगएफएसमधली सगळ्या क्लॉकची यादी) उघडा. त्या क्लॉकचा दुसरा कुणी वापरकर्ता नसेल, तर एनेबल काउंट १ च दिसायला हवा.