जपानमध्ये शिकताना आपत्तीची तयारी: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

शिक्षणासाठी जपानला निघालेल्या आणि तिथे पोचलेल्या वाचकांनी आपत्तीची जोखीम कमी करण्याविषयी बरेच प्रश्न पाठवले आहेत. त्यांतले काही या अंकात घेत आहोत.

प्रश्न: मी सिव्हिल इंजिनिअर आहे. हा विषय शिकायला जपानमध्ये नेमकं कुठे जावं?

आधी कोणत्या आपत्तीवर काम करायचं ते ठरवा, म्हणजे संस्था शोधणं सोपं जातं. भूकंप-अभियांत्रिकी आणि त्सुनामीसाठी त्सुकुबामधली बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, तर पुरासाठी त्सुकुबातलंच इचार्म हे केंद्र. दोन्हीकडचे अभ्यासक्रम साधारण वर्षभराचे आणि टोकियोच्या ग्रिप्स विद्यापीठाच्या मास्टर्स पदवीला जोडलेले आहेत. पण ते मुख्यतः जायका या जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेमार्फत, सरकारी खात्यांत किंवा तत्सम संस्थांत काम करणाऱ्यांसाठी चालतात. नुकतीच पदवी घेतली असेल तर जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीकडे पाहा. क्योटो विद्यापीठाची आपत्ती-प्रतिबंध संशोधन संस्था १९५१ पासून आहे. सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातली आपत्ती-विज्ञान संस्था २०११ च्या त्सुनामीनंतर, २०१२ मध्ये उभी राहिली.

संशोधनासाठी जाताना विद्यापीठापेक्षा प्राध्यापक महत्त्वाचा. ‘मला आपत्ती व्यवस्थापनात रस आहे’ एवढंच लिहिलेल्या ईमेलला उत्तर येणं कठीण. ‘मऊ गाळाच्या जमिनीवरच्या, खाली पार्किंग असलेल्या इमारती’ असा नेमका विषय लिहिलात तर तो वाचला जाईल.

प्रश्न: भाड्याच्या छोट्या खोलीत राहणार आहे. पहिल्या आठवड्यात काय करावं?

खोली घेण्याआधी इमारतीचं वर्ष विचारा. १ जून १९८१ पासून भूकंपरोधक बांधकामाचे नवे नियम लागू झाले. इथे तारीख धरायची ती बांधकाम-परवान्याची, पूर्णत्वाची नाही. १९८२ मध्ये पूर्ण झालेली इमारत जुन्या नियमांतली असू शकते. लाकडी घरांसाठी २००० मध्ये नियम आणखी कडक झाले, त्यामुळे लाकडी घर त्यानंतरचं असेल तर उत्तम.

मग बिछान्याची जागा. १७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५:४६ वाजता कोबे परिसर हादरला तेव्हा लोक अंथरुणात होते. ६,४३४ मृतांपैकी बहुतेक जण कोसळलेल्या घरांखाली आणि सामानाखाली चिरडले किंवा गुदमरले. म्हणून कपाट बिछान्यावर किंवा दारासमोर आडवं पडेल अशा जागी ठेवू नका. कपाट भिंतीला बांधायचा सर्वात भक्कम उपाय म्हणजे लोखंडी एल-पट्टी, पण तिचा स्क्रू भिंतीमागच्या लाकडी खांबात बसायला हवा. भिंतीवर टकटक करून पोकळ आवाज आला तर मागे नुसतं जिप्सम बोर्ड आहे, आणि तिथला स्क्रू पहिल्या हादऱ्यात निघून येतो. शिवाय भोक पाडायला घरमालकाची परवानगी लागते.

परवानगी नसेल तर कपाट आणि छत यांच्यामध्ये ताणून बसवायचे खांब मिळतात. ते दोन्ही टोकांना आणि भिंतीच्या बाजूला लावा. पुढच्या बाजूला लावले की कपाट डुलतं आणि खांब निसटतो. ही चूक सर्रास होते. हाताने दाबल्यावर छत वाकत असेल तर मध्ये आडवी फळी घाला. नुसत्या खांबांवर भिस्त ठेवू नका, कपाटाच्या पुढच्या कडेखाली पाचरीसारखी पट्टीही सरकवा. उशाशी जाड तळव्याचे बूट आणि टॉर्च हवा, कारण अंधारात काचांवरून चालावं लागतं.

पाणी माणशी रोज ३ लिटर धरा. तीन दिवसांचे ९ लिटर ही किमान गरज, आठवड्याचे २१ असतील तर चांगलं. शाकाहारी असाल तर कोरडं खाणं स्वतःचंच साठवा. निवाऱ्यात जे वाटलं जाईल त्यात मासळीचा अर्क नसेलच असं सांगता येत नाही.

शौचालयाचा विचार मात्र बहुतेक जण करत नाहीत. माणशी दिवसाला शौचाच्या ५ पिशव्या, म्हणजे आठवड्याला ३५. भूकंपानंतर पाणी येत असलं तरी सांडपाण्याची पाइप शाबूत आहे हे कळेपर्यंत फ्लश करू नका, नाहीतर घाण खालच्या घरात उफाळून येते. आधी एक मोठी पिशवी थेट भांड्यावर घाला आणि ती तशीच राहू द्या. दुसरी पिशवी बैठकीवरून चढवा, तीत शोषक पावडर टाका आणि वापरानंतर फक्त ही दुसरी बांधून काढा. पहिली पिशवी घातली नाही तर भांड्यातल्या पाण्याने भिजलेली पिशवी घरभर ठिबकते.

शिंदो (हादऱ्याची तीव्रता मोजायची जपानी पट्टी) ५ च्या आसपास हादरा बसला की गॅसचं मीटर आपोआप बंद होतं. वास येत नसेल तर सगळ्या उपकरणांच्या कळा बंद करा, मीटरवरचं बटण घट्ट दाबून सोडा आणि ३ मिनिटं थांबा. या वेळात मीटर गळती तपासतं. एखादी कळ उघडी राहिली तर ते पुन्हा बंद पडतं. घर सोडताना विजेचा मेन ब्रेकर पाडायला विसरू नका. वीज परत आल्यावर आडव्या पडलेल्या हीटरमुळे किंवा चिरडलेल्या वायरमुळे रिकाम्या घरांत आगी लागतात.

प्रश्न: फोनवर भूकंपाची सूचना वाजली, पण हादरे आधीच सुरू झाले होते. यंत्रणेत बिघाड होता का?

नाही. भूकंपाच्या पहिल्या, सौम्य लहरी सेकंदाला साधारण ७ किलोमीटर वेगाने येतात, तर जोराचा धक्का देणाऱ्या लहरी सुमारे ४ किलोमीटरने. पहिल्या लहरी पकडून गणित मांडायचं आणि दुसऱ्या पोचण्याआधी सूचना द्यायची, अशी ही पद्धत आहे. केंद्राच्या अगदी जवळ असाल तर त्यातला वेळच शिल्लक उरत नाही. लांब असाल तर काही सेकंद ते काही दहा सेकंद मिळतात. तेवढ्यात डोकं झाका, टेबलाखाली जा आणि त्याचा पाय धरून ठेवा. बाहेर पळू नका. शेगडी हाताशी असेल तरच बंद करा.

समुद्रकाठी असाल आणि हादरा जोराचा किंवा लांबलेला असेल तर त्सुनामीच्या सूचनेची वाट पाहू नका. ११ मार्च २०११ ला पहिल्या काही मिनिटांत मियागी प्रांतासाठी ६ मीटर आणि इवाते प्रांतासाठी ३ मीटर असा अंदाज जाहीर झाला. प्रत्यक्षात लाटा त्याहून कितीतरी उंच आल्या. पण ‘३ मीटर’ ऐकून निवांत राहिलेल्यांपर्यंत सुधारित आकडे वेळेत पोचले नाहीत.

प्रश्न: आमचं वसतिगृह हॅझार्ड मॅपवर, म्हणजे धोक्याचे भाग रंगवून दाखवणाऱ्या नकाशावर, रंगाबाहेर आहे. म्हणजे सुरक्षित ना?

असं समजू नका. नकाशा एक विशिष्ट भूकंप किंवा पाऊस गृहीत धरून काढलेला असतो. इशिनोमाकीची ओकावा प्राथमिक शाळा समुद्रापासून जवळपास ४ किलोमीटर आत होती आणि नकाशावर त्सुनामीच्या पट्ट्याबाहेर होती. शाळेमागे डोंगर होता आणि हाताशी सुमारे ५० मिनिटं होती. तरी मुलं मैदानातच थांबली. ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले.

याच्या उलट उदाहरण कुराशिकी शहरातल्या माबी भागाचं. जुलै २०१८ मध्ये पूर जवळजवळ नकाशात दाखवला तिथेच आला. तरी ५१ जण मरण पावले, त्यांत बहुतेक वृद्ध होते. नकाशा बरोबर असून भागत नाही, लोक वेळेत निघाले पाहिजेत. हा विषय शिकणाऱ्याने ही दोन गावं शेजारी ठेवून अभ्यासावीत असं आम्हाला वाटतं.

नकाशा वाचताना तो कोणत्या धोक्याचा आहे ते आधी पाहा, कारण पूर, दरड आणि त्सुनामी यांचे नकाशे वेगवेगळे असतात. मग पुराच्या पाण्याची खोली बघा: ३ मीटरला तळमजला बुडतो, ५ मीटरला त्याच्या वरचाही. जपानमध्ये तळमजल्याला पहिला मजला म्हणतात, हे मजले मोजताना ध्यानात ठेवा. लहान नदीचा पूर अजून मोजलेला नसतो म्हणूनही एखादा भाग कोरा दिसतो.

जीव वाचवायला तातडीने पळायची जागा वेगळी आणि नंतर दिवस काढायचा निवारा वेगळा. कामाइशीच्या उनोसुमाइ भागात २०११ मध्ये अनेक जण ‘आपत्ती-प्रतिबंध केंद्र’ नावाच्या इमारतीत गेले, पण ती त्सुनामीसाठी ठरवलेली जागा नव्हती. तिथे मोठी जीवितहानी झाली. २०१३ मध्ये कायदा बदलून दोन्ही जागा वेगवेगळ्या ठरवायला सुरुवात झाली. पाटीवर पूर, त्सुनामी, दरड यांची चिन्हं असतात. तुमच्या धोक्याचं चिन्ह आहे का ते पाहा. रस्ता एकदा रात्री चालून बघा. पुराच्या सूचनांत पातळी ४ ला निघायचंच असतं. पातळी ५ येते तेव्हा बाहेर पडणंच धोक्याचं झालेलं असतं.

प्रश्न: परत आल्यावर लोकांना शिकवता येईल असं काही आहे का?

‘डिग’ शिका. १९९७ मध्ये मिए प्रांतात सुरू झालेला हा नकाशावरचा सराव आहे. ६ ते ८ जणांच्या गटाला भागाचा मोठा नकाशा द्या आणि त्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरा. एका रंगाने नद्या-नाले, दुसऱ्याने मुख्य रस्ते, तिसऱ्याने अरुंद गल्ल्या आखा. मग दवाखाने, शाळा, विहिरी आणि ज्यांना उचलून न्यावं लागेल अशा माणसांची घरं चिकटपट्ट्यांनी दाखवा. शेवटी धोक्याचा पट्टा रंगवा आणि विचारा: पूल तुटला तर या आजीला कोण आणणार, कुठून?

सराव बहुधा दोन कारणांनी फसतो. नकाशा फार मोठ्या क्षेत्राचा असला तर घरं दिसत नाहीत. आणि सूत्रधारच उत्तरं सांगू लागला तर गट गप्प बसतो.

प्रश्न: जपानी येत नाही. घरच्यांशी संपर्क कसा ठेवावा?

आपत्तीत फोनलाइन तुंबते, म्हणून १७१ ही निरोप-सेवा आहे. १७१ लावा, निरोप ठेवायला १ आणि ऐकायला २ दाबा, मग ठरलेला फोन नंबर द्या. एका निरोपाला ३० सेकंद मिळतात. परदेशातून घरच्यांना वेब १७१ या संकेतस्थळावर निरोप पाहता येतो. कोणता नंबर वापरायचा ते आधीच ठरवा. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला दोन्ही सेवा सरावासाठी खुल्या असतात.