एक बॉडी, दोन इंजिनं: अल्टेझा आणि आयएस ३००बद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी टोयोटा अल्टेझाबद्दल जेमतेम एक परिच्छेद लिहिला होता, की १९९८च्या ऑक्टोबरात जपानमध्ये आलेली ही छोटी रिअर-व्हील ड्राइव्ह सेडान, बाहेरच्या देशांत हीच लेक्सस आयएस म्हणून विकली गेली, आणि ज्याला गाडी चालवायला मनापासून आवडते त्यानं ती एकदा तरी चालवावी. त्यावर एवढे मेल आलेत की या वेळचा अख्खा कॉलम तिलाच देतोय. सगळ्यांचे प्रश्न घेता आले नाहीत, पण जे घेतलेत त्यांची उत्तरं जरा निवांत देतो.

प्रश्न: सर, मी पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरच्या क्रेटाचं दीड लिटर पेट्रोल इंजिन ११५ पीएस देतं आणि अल्टेझाचं दोन लिटर, तेही टर्बो नसताना, २१० पीएस. हे कसं काय जमवलं? आणि मग आज असं का करत नाहीत?

उत्तर: अरे, एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसव, पॉवर म्हणजे टॉर्क (इंजिनाचा फिरवायचा जोर) गुणिले आरपीएम, बास. अल्टेझा आरएस२००चं ३एस-जीई इंजिन ६४०० आरपीएमला २२ किलोग्रॅम-मीटर म्हणजे साधारण २१६ न्यूटन-मीटर टॉर्क देतं. टर्बो नसलेल्या दोन लिटरसाठी हा आकडा चांगला आहे पण त्यात जादू काही नाही. खरी करामत पुढे आहे. २१० पीएस मिळतात ७६०० आरपीएमला, आता उलटा हिशोब कर, तिथेही इंजिन अजून १९४ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क देतंय. म्हणजे एवढ्या वर गेल्यावर टॉर्क फक्त दहावा हिस्सा खाली आलाय. साध्या इंजिनाचा तिथे पोचेपर्यंत दमच सुटलेला असतो, कारण व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा वेळ इतका कमी होतो की सिलिंडरमध्ये पुरेशी हवाच जात नाही.

म्हणून टोयोटानं इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही कॅमशाफ्टना व्हीव्हीटी-आय, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची वेळ गरजेप्रमाणे पुढे-मागे करायची सोय, लावली, टोयोटाच्या इंजिनात हे पहिल्यांदा इथेच झालं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ११.५ ठेवलं. मॅन्युअल गिअरबॉक्सवाल्या इंजिनात व्हॉल्व्ह टायटॅनियमचे दिले, कारण व्हॉल्व्ह जड असेल तर एवढ्या वेगात स्प्रिंग त्याला वेळेवर बसवू शकत नाही, तो तरंगायला लागतो आणि मग पिस्टनला भेटायचा धोका. या इंजिनाचं मूळ घराणंच यामाहाबरोबर मिळून केलेल्या हेडचं, त्यामुळे वरच्या आरपीएमला श्वास घ्यायची सवय रक्तातच होती म्हण.

आता अजून एक हिशोब तू स्वतः करून बघ, कारण तो केला की अंगावर काटा येतो. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका बाजूची धाव, ८६ मिलिमीटर. एका फेरीत पिस्टन १७२ मिलिमीटर चालतो. ७६०० आरपीएम म्हणजे सेकंदाला जवळपास १२७ फेऱ्या. पिस्टनचा सरासरी वेग येतो सेकंदाला २१.८ मीटर, म्हणजे ताशी ७८ किलोमीटर, आणि या वेगात तो सेकंदाला २५० पेक्षा जास्त वेळा पूर्ण थांबून उलटा फिरतो. आणि ही काय रेसची गाडी नव्हे, शोरूममधून घेऊन ऑफिसला जायची गाडी. मला यातच त्या लोकांचं खरं काम दिसतं.

आज का नाही करत? कारण बहुतेक लोक २००० ते ३००० आरपीएममध्ये गाडी चालवतात आणि तिथे छोटा टर्बो जास्त टॉर्क देतो, धूर आणि मायलेजचे नियमही त्यातच बसवायला सोपे जातात. टायटॅनियमचा खर्च करून ७६००ला पॉवर द्यायची आणि तिथे कोणी जायचंच नाही, मग कंपनी तरी कशाला करेल.

प्रश्न: मी टोक्योत निशी-कसाईला राहतो. इथल्या जुन्या अल्टेझा सेडानमध्ये फक्त दोन लिटरच दिसतं, अमेरिकेत मात्र तीच गाडी तीन लिटर. जपानी लोकांना कमी का दिलं?

उत्तर: कमी नाही दिलं हो, तिथल्या हिशोबानं दिलं. जपानमध्ये गाडीचा वार्षिक टॅक्स इंजिनाच्या सीसीवर असतो हे तुम्ही दरवर्षी भरताच. त्या काळच्या दरानं दोन लिटरपर्यंत ३९,५०० येन आणि अडीच ते तीन लिटरला ५१,००० येन. नोकरीला लागलेल्या पोराला परवडेल अशी स्पोर्ट्स सेडान करायची तर दोन लिटरची रेघ ओलांडून चालत नाही. अमेरिकेत ती रेघच नाही, तिथे लांब हायवे, सगळ्यांना ऑटोमॅटिक हवी, म्हणून तिथे तीन लिटरची आयएस ३००. जपानमध्येही तीन लिटर मिळायचं, पण अल्टेझा जिता या वॅगनमध्ये, २००१ पासून. आता घ्यायचा विचार असेल तर ध्यानात ठेवा, १३ वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाडीला टॅक्स साधारण १५ टक्के जास्त बसतो आणि दर दोन वर्षांनी शाकेन, म्हणजे गाडीची सक्तीची तपासणी, आहेच.

प्रश्न: दादा, कोल्हापूरहून लिहितोय. त्या पारदर्शक काचेच्या टेल लॅम्पची फॅशन या गाडीनं आणली हे खरं का?

उत्तर: हो, खरं आहे. पारदर्शक काच आणि आत गोल लाल दिवे, हे अल्टेझावर इतकं उठून दिसलं की अमेरिकेत असल्या कुठल्याही लॅम्पला लोक अल्टेझा लाइट्स म्हणायला लागले, मग तो पिकअप ट्रकला लावलेला का असेना. अल्टेझावर ते शोभतात कारण आकार त्यांच्यासाठी काढलाय. दुसऱ्या गाडीवर मला कधी आवडले नाहीत.

प्रश्न: नवी मुंबईत राहतो, लेक्ससच्या शोरूममध्ये ईएस ३००एच बघून आलो. तुम्ही एवढं कौतुक करता ती आयएस इथे का मिळत नाही, आणि ईएस घेतली तर तोच अनुभव मिळेल का?

उत्तर: स्पष्टच सांगतो, नाही मिळणार. ईएस चांगली गाडी आहे, २०२० पासून कर्नाटकात बिडदीला जोडली जाते, मागच्या सीटवर बसणाऱ्यासाठी तर फारच चांगली. पण ती कॅमरीच्या घरातली, इंजिन आडवं आणि ताकद पुढच्या चाकांना. आयएसमध्ये इंजिन उभं बसतं आणि ताकद मागच्या चाकांना. कागदावर बघाल तर ईएसची हायब्रिड एकूण २१८ पीएस आणि जुन्या आयएस ३००चे २१५ हॉर्सपॉवर, म्हणजे जवळपास तेच, पण आकडा सारखा आला म्हणून गाडी सारखी होत नाही. जोरात अॅक्सिलरेटर दिला की वजन मागे सरकतं, मागची चाकं रस्त्यावर जास्त दाबली जातात, आणि ताकद तिथेच असेल तर पुढच्या चाकांना फक्त वळायचं काम उरतं, एकावर दोन कामं नाहीत. स्टिअरिंग हातात एकदम स्वच्छ लागतं ते त्यामुळे. आयएस इथे अधिकृतपणे आणली नाही. आपल्याकडे या किमतीचा माणूस बऱ्याचदा मागे बसतो आणि आयएसची मागची सीट अडचणीची आहे, मला तरी हेच कारण दिसतं. चालवायला ड्रायव्हर असेल तर ईएस घ्या आणि सुखानं बसा. स्वतः चालवणार असाल तर बाजारात रिअर-व्हील ड्राइव्ह काय मिळतंय ते आधी बघा.

प्रश्न: ऑकलंडमध्ये असतो. इथे जपानहून आलेल्या जुन्या अल्टेझा अजून दिसतात. आरएस२०० घेऊ की सहा सिलिंडरची एएस२००? मित्र म्हणतात सहा सिलिंडर म्हणजे भारी. काय तपासू?

उत्तर: मित्रांचं अर्धं बरोबर आहे. एएस२००चं १जी-एफई इंजिन म्हणजे ७५ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ७५ मिलिमीटर स्ट्रोक, एका रांगेत सहा सिलिंडर, १६० पीएस. एका रांगेतल्या सहा सिलिंडरमध्ये पिस्टनचे धक्के एकमेकांना पूर्ण मारून टाकतात, चार सिलिंडरमध्ये दुप्पट वेगानं येणारा एक धक्का शिल्लक राहतोच, म्हणून सहावाली लोण्यासारखी चालते आणि आवाज ऐकत राहावासा वाटतो. पण सहा सिलिंडर म्हणजे लांब इंजिन, आणि लांब इंजिन म्हणजे वजन पुढे जातं.

इथे मला कावड आठवते. खांद्यावर कावड घेऊन जाणाऱ्या माणसाला बघितलं असेल तुम्ही, दोन्ही टोकांना भरलेल्या घागरी असल्या की तोल छान राहतो पण पटकन वळता येत नाही, वळायला गेला की घागरी आपल्याच दिशेनं जात राहतात. त्याच घागरी खांद्याजवळ सरकवा, वजन तेवढंच, पण माणूस गर्रकन वळतो. गाडीचंही तसंच. ही गाडी करणाऱ्या टीमचे मुख्य इंजिनिअर नोबुआकी कातायामा, त्यांनी आधी एई८६ कोरोला या टोयोटाच्या छोट्या रिअर-व्हील ड्राइव्ह गाडीवर काम केलेलं, आणि अल्टेझात तोच विचार दिसतो: लांबी ४४०० मिलिमीटर पण चाकांमधलं अंतर २६७० मिलिमीटर, म्हणजे चाकं अगदी कोपऱ्यांकडे ढकललीत आणि पुढे-मागे लटकणारा भाग कमी. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. छोटं चार सिलिंडरचं इंजिन मागे सरकवून बसवता येतं, म्हणून आरएस२००चं नाक हलकं. घाटात, वळणावळणाच्या रस्त्यावर ही गाडी जशी वळते तशी एएस२०० नाही वळत. माझं मत आरएस२००, सहा-स्पीड मॅन्युअल. पण एक सांगून ठेवतो, ५००० आरपीएमच्या खाली तुम्हाला ती साधीच वाटेल, टेस्ट ड्राइव्हला शहरातच फिरवलीत तर निराश व्हाल. रोज ट्रॅफिकमध्येच जायचं असेल तर एएस२०० घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

तपासताना टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचा कागद मागा, कागद नसेल तर बदललाच नाही असं धरून किमतीत कापा. इंजिन गार असताना स्वतः स्टार्ट करा, विकणाऱ्यानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी जा. गार गिअरबॉक्समध्ये दुसरा आणि तिसरा गिअर टाकून बघा, खरखर नको. हा आयसिनचा सहा-स्पीड बॉक्स माझदा एमएक्स-५मध्येही होता, त्यामुळे काम माहीत असलेला माणूस सापडतो. पेट्रोल महागातलंच, ११.५च्या कॉम्प्रेशनला तुमच्याकडचं ९१ ऑक्टेन चालायचं नाही. आणि गाडी खालून बघा, जपानच्या बर्फाच्या भागात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथून आलेली असेल तर गंज वरून दिसत नाही.

प्रश्न: न्यू जर्सीत आहे. माझ्याकडे २००३ची आयएस ३००, पाच-स्पीड मॅन्युअल, अजून छान चालते. मुलगा १७ वर्षांचा झालाय, म्हणतो बाबा यात टोयोटाच्या सुप्रा स्पोर्ट्स कारचं इंजिन आहे, टर्बो लावू. काय करू?

उत्तर: पोराचं म्हणणं चूक नाही, पण अर्धी गोष्ट सांगतोय. तुमच्या गाडीत २जेझेड-जीई आहे, आणि टर्बो नसलेल्या सुप्रातही त्याच नावाचं इंजिन होतं. ज्या सुप्राची गाणी गातात तिच्यात टर्बोवालं २जेझेड-जीटीई. ब्लॉक एकाच घराण्यातला, कास्ट आयर्नचा, सात मेन बेअरिंगचा, दणकट. पण टर्बोवाल्यात कॉम्प्रेशन ८.५ आणि तुमच्यात १०.५, शिवाय त्यात पिस्टनला खालून तेलाची धार मारून गार ठेवायची सोय. तुमच्या इंजिनावर नुसता टर्बो चढवला की आतलं तापमान आणि दाब दोन्ही वाढणार, पेट्रोल वेळेआधी पेटायला लागणार, आणि ट्यूनिंगमध्ये थोडी जरी चूक झाली तरी पिस्टन जाणार. लोक करतात, नीट करणारेही आहेत, पण मग क्लच, इंधनाचे पंप, इंजेक्टर, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) असं एकामागून एक लागत जातं आणि तुमचा मूळ मॅन्युअल गिअरबॉक्स एवढ्या टॉर्कसाठी बनवलेलाच नाही.

आता त्याला एक गंमत दाखवा. वरती पुण्याच्या मुलाला सांगितलेलं ३एस-जीई आणि तुमचं २जेझेड, दोघांचंही बोअर ८६ आणि स्ट्रोक ८६. एकेक सिलिंडर त्याच मापाचा, एकात चार, दुसऱ्यात सहा. चारवाल्यानं ७६००ला जाऊन जेवढी पॉवर काढली जवळपास तेवढीच तुमचं इंजिन ५८००ला काढतं. आणि ३८०० आरपीएमला तुमचं इंजिन २१८ पाउंड-फूट टॉर्क देतं, त्याचे होतात जवळपास १५८ हॉर्सपॉवर, तिथे चारवाला आपला सगळ्यात जास्त टॉर्क जरी घेऊन आला असता तरी ११५ च्या वर गेला नसता. म्हणजे तुमच्या गाडीत ताकद खाली आणि मध्ये ठेवलीय, हायवेला मर्ज होताना गिअर न बदलता पाय दाबला की मिळते ती हीच. वजन मात्र १४८० किलोच्या आसपास, त्यामुळे ती मूळची हलकीफुलकी गाडी नाही.

तुमच्या जागी मी असतो तर टर्बोचे पैसे आधी खाली घातले असते. पुढचे लोअर बॉल जॉइंट हे या गाडीचं माहीत असलेलं दुखणं, टायर आतल्या कडेनं झिजतोय का बघा आणि जॅकवर चढवून चाक हलवून बघा, खेळ असेल तर ते दुरुस्त होईपर्यंत गाडी मुलाला देऊ नका. टायमिंग बेल्ट ९०,००० मैलांना बदलायचा असतो, पहिला कधीच होऊन गेला असेल, दुसरा झालाय का? त्याबरोबर वॉटर पंपही करून घ्या, एकदाच सगळं उघडतंय. मग चारही डॅम्पर, सगळे रबर बुश, चांगले टायर, ब्रेकचं तेल. एवढं झालं की एखाद्या शनिवारी सकाळी त्याला मोकळ्या पार्किंगमध्ये न्या आणि ब्रेक दाबता दाबता टाचेनं अॅक्सिलरेटर देऊन तिसऱ्यातून दुसऱ्यात कसं यायचं ते शिकवा. गाडीला झटका न बसता तो खाली यायला लागला की मला परत लिहा, टर्बोचं तेव्हा बोलू.